कवळी : निवड आणि निगा



कवळी हा शब्द उच्चारला की सभेत थोडी खसखस पिकते. नाटकातल्या म्हाताऱ्याची कवळी ऐन संवादात निसटते, पेल्यातल्या पाण्यात ठेवलेली कवळी पाहून नातवंडे दचकतात. विनोदाला हा विषय कधी कमी पडलेला नाही. परंतु ज्याच्या तोंडात एकही दात उरलेला नाही त्याच्या दृष्टीने ह्यात विनोद थोडा आणि अडचण फार. लग्नाच्या पंक्तीतून "मला भूक नाही" म्हणून उठणारी, चारचौघांत तोंडापुढे पदर किंवा हात धरून बोलणारी, वर्षानुवर्षे दूधभातावर दिवस काढणारी वडीलधारी माणसे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी निघतील. गंमत अशी की ह्यांतल्या कित्येकांपाशी कवळी असते. मात्र ती फडताळातल्या डबीत असते. "मला नाही मानवली" असे ते सांगतात. ती का मानवत नाही, आणि मानवावी म्हणून आरंभापासून काय केले पाहिजे, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

आपण कवळीचा विचार चष्म्यासारखा करतो. नंबर काढला, चौकट पसंत केली, नाकावर ठेवली, काम झाले. पण चष्मा ज्या नाकावर टेकतो ते नाक वर्षावर्षाला झिजत नाही. कवळी ज्या हाडावर टेकते ते झिजते. ही एक गोष्ट ध्यानात आली म्हणजे कवळीसंबंधीच्या बहुतेक तक्रारींचा उलगडा होतो.

नैसर्गिक दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ हाडाच्या खोबणीत असंख्य बारीक तंतूंनी टांगलेले असते. आपण चावतो तेव्हा तो जोर ह्या तंतूंवाटे हाडाला ओढ म्हणून पोहोचतो, आणि ह्या ओढीवरच ते हाड टिकून राहते. एका जबड्यातल्या सगळ्या मुळांचा असा आधार मोजला तर तो सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर भरतो. दात गेले की ह्याच्या जागी काय उरते? वरच्या कवळीला टेकावयास सुमारे २३ चौरस सेंटिमीटर आणि खालच्या कवळीला अवघी १२. बारा चौरस सेंटिमीटर म्हणजे तीन सेंटिमीटर रुंद आणि चार लांब असा कागदाचा कपटा. त्यातून ही जागा म्हणजे मऊ हिरडी. भार सोसण्यासाठी ती घडलेलीच नाही. म्हणून पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच राहतो. कवळी कितीही उत्तम असो, हे गणित बदलत नाही.

दात काढल्यावर त्या जागेचे हाड विरू लागते. पहिल्या वर्षात हा ऱ्हास सर्वांत वेगाने होतो, पुढे मंदावतो, पण थांबत नाही. पावसाळ्यामागून पावसाळे गेले की शेताचा बांध जसा खचत जातो तसा हिरडीचा उंचवटा सपाट होत जातो. अँत्ये टॅलग्रेन ह्या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांची पंचवीस वर्षांची पाहणी करून तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले. पुढच्या बाजूचे खालचे हाड वरच्याच्या जवळजवळ चौपट झिजते असे त्यात दिसून आले. आपण म्हणतो, कवळी सैल झाली. कवळी असते तेवढीच असते. तिच्याखालची जमीन गेलेली असते.

वरची कवळी टिकते आणि खालची डुलते, हा अनुभव जवळजवळ सर्वांचा. दोन सपाट काचांमध्ये पाण्याचा थेंब ठेवून त्या एकमेकींवर दाबल्या तर त्या सरकवता येतात, पण सरळ ओढून सहसा सुटत नाहीत. वरच्या कवळीचे तसेच आहे. टाळू आणि कवळी ह्यांमध्ये लाळेचा पातळ थर असतो आणि कवळीची कड सर्व बाजूंनी मिटलेली असते. खालच्या कवळीला टाळूसारखी पसरट जागा नाही. ती घोड्याच्या नालासारखी, मध्ये सतत हलणारी जीभ, बाहेरून ओठ आणि गाल. ती जागच्या जागी राहते ती मुख्यतः जिभेला आणि गालांना लागलेल्या सवयीमुळे. ज्यांच्या तोंडाला औषधांमुळे किंवा आजारामुळे कोरड पडते त्यांची वरची कवळीही ह्याच कारणाने निसटू लागते.

हे मर्म फार पूर्वी जपानी कारागिरांच्या हाती आले होते. वाकायामा येथील नाकाओका तेई ह्या बौद्ध संन्यासिनीची एकसंध लाकडातून कोरलेली वरची कवळी आजही जतन केलेली आहे. ती बाई १५३८ साली वारली. टाळूला तंतोतंत बसेल असे कोरायचे आणि बाकीचे लाळेवर सोपवायचे, एवढीच ती युक्ती. त्यानंतर अडीचशे वर्षांनी, १७८९ साली, अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ह्यांनी शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्या पाणघोड्याच्या दातांच्या, माणसांच्या दातांच्या आणि धातूच्या होत्या, आणि वरची व खालची मिळून स्प्रिंगांनी जोडलेली. तोंड मिटून धरावयासच जोर लावावा लागे. त्यांची कवळी लाकडाची होती ही दंतकथा खरी नाही. लाकडाची, जपानी पद्धतीची, असती तर कदाचित त्यांना पुष्कळ सुख लागले असते.

युरोपात १८१५ सालच्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात उपटून कवळ्यांसाठी विकले गेले. पुढे गंधकाने कडक केलेल्या रबराची कवळी निघाली आणि ती सामान्य माणसाच्या आटोक्यात आली. तिच्या पेटंटाचे पैसे वसूल करणाऱ्या कंपनीचा खजिनदार १८७९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे एका चिडलेल्या दंतवैद्याच्या गोळीला बळी पडला, एवढे त्या रबराचे महत्त्व! १९३७ च्या सुमारास ॲक्रिलिक आले. हिरडीच्या रंगाचे, हलके आणि दुरुस्त होणारे हे द्रव्य आजही बहुतेक कवळ्यांत वापरतात.

आता निवडीकडे वळू. कवळीची निवड म्हटले की लोकांना दातांचा रंग आठवतो. माझ्या मते पहिली निवड त्याच्या कितीतरी आधीची आहे : सगळे दात काढावयाचे की नाहीत? "दोनचारच राहिले आहेत, तेही काढून टाका, एकदाची कटकट जाऊ दे," असे पुष्कळजण म्हणतात. घाई करू नका. खालच्या जबड्यातले दोन सुळे जरी मुळाशी धड असले, तरी त्यांची शिर ठीक करून, ते हिरडीलगत कापून, त्यांच्यावर कवळी बसविता येते. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाच वर्षांच्या पाहणीत, अशी मुळे राखलेल्या लोकांच्या खालच्या जबड्याचे पुढचे हाड सरासरी ०.६ मिलिमीटर झिजले. सगळे दात काढलेल्यांचे ५.२ मिलिमीटर. काढलेला दात परत लावता येत नाही. तेव्हा दंतवैद्याकडे गेल्यावर "ह्यातले काय राखता येईल?" हा प्रश्न अवश्य विचारा.

दुसरी निवड, कवळी कोणाकडून करून घ्यावयाची. दंतवैद्यकाचा धंदा नोंदणीशिवाय करू नये असा कायदा १९४८ सालीच झाला. तथापि जत्रेत, बाजारात, स्टेशनच्या रस्त्यावर "बसल्या बैठकीस पक्के दात" बसवून देणारे अजून भेटतात. ते करतात काय? पूड आणि द्रव कालवून लगदा करतात, तो तोंडातच हिरडीवर थापतात आणि त्यात कृत्रिम दात खोचून शेजारच्या चांगल्या दातांना तारेने किंवा त्याच लगद्याने जखडून टाकतात. घट्ट होताना तो लगदा तापतो व हिरडी भाजते. असे दात काढता येत नाहीत, त्यामुळे धुता येत नाहीत. खाली अन्न कुजते, हिरडी सुजते, आणि एका दातापायी शेजारचे दोन धड दात हलू लागतात. दुसरा प्रकार म्हणजे वरच्या कवळीच्या आतून रबरी चकती लावून देणे. ती टाळूला चोखून धरते म्हणून प्रथम फार घट्ट वाटते. पण रात्रंदिवस एकाच जागी ओढ बसून तिथली कातडी आणि खालचे हाड विरते आणि टाळूला भोक पडते. प्यालेले पाणी नाकातून येऊ लागल्यावर माणूस दवाखान्यात येतो. कोणी अशी चकती देऊ केली तर तिथून उठावे हे बरे.

पैशांची अडचण खरी आहे, ती मी नाकारीत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी कवळ्या करतात. खेपा जास्त पडतात, खर्च कमी येतो. आणि शिकणारा विद्यार्थी पुष्कळदा अधिक काळजीपूर्वक माप घेतो, ही आमच्या व्यवसायातली उघड गोष्ट आहे.

चांगल्या कवळीला साधारण पाच खेपा लागतात. पहिल्या खेपेस समुद्रातल्या शेवाळापासून काढलेल्या द्रव्याची भुकटी कालवून तोंडाचे ढोबळ माप घेतात. दुसऱ्या खेपेस त्या मापावरून केलेल्या खास पात्रात लवंगेच्या वासाचे मलम भरून बारीक माप घेतात. त्या वेळी ओठ, गाल, जीभ हलवावयास सांगतात, कारण कवळीची कड स्नायूंच्या हालचालींच्या अलीकडे थांबली पाहिजे. तिसरी खेप उंचीची. दात गेल्यावर नाक आणि हनुवटी जवळ येतात व चेहरा बसतो, म्हणून वरच्या-खालच्या जबड्यांमधले अंतर मेणाच्या कडा घालून ठरवावे लागते. ओठ सहज मिटलेले असताना वरच्या आणि खालच्या दातांत दोनतीन मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. ती नसली तर बोलताना दात एकमेकांवर टकटक आपटतात आणि जबडा दिवसभर शिणतो.

चौथी खेप सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच लोक उरकून टाकतात. ह्या वेळी दात मेणात लावलेले असतात. अजून सर्व काही बदलता येते. दुसऱ्या दिवशी मेण जाऊन ॲक्रिलिक आले की काही बदलता येत नाही. म्हणून ह्या खेपेस एकटे जाऊ नये. बायकोला, मुलाला किंवा खरे बोलणाऱ्या मित्राला बरोबर न्यावे, आणि दात दिसतील असा आपला जुना फोटो न्यावा. आरशात समोरून पाहावे, बाजूने पाहावे, हसून पाहावे. एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत मोठ्याने मोजावे. मराठीतल्या ह्या आकड्यांत 'स' आणि 'ष्ट' इतके दाटीने येतात की दातांत कुठे खोट असेल तर शीळ वाजल्याशिवाय राहत नाही. 'फ' आणि 'व' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकेच लागली पाहिजे. रंगाविषयी एकच सांगतो : सत्तरीच्या चेहऱ्यावर मोगऱ्याच्या कळ्या शोभत नाहीत. किंचित पिवळसर, जरा मागेपुढे लावलेले दात खरे वाटतात. शुभ्र आणि एका ओळीत लावलेले दात दुरूनच "आम्ही कवळी" असे ओरडून सांगतात.

ज्यांच्या खालच्या जबड्याचा उंचवटा पार सपाट झाला आहे त्यांना आता आणखी एक मार्ग आहे. ब्रोनेमार्क ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९६५ साली टायटॅनियम धातूचे कृत्रिम मूळ पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात बसविले. हाड ह्या धातूला घट्ट धरते. खालच्या जबड्यात अशी दोन मुळे बसवून त्यांवर काढती-घालती कवळी अडकविणे हा पहिला पर्याय मानावा, असे मत २००२ साली मॉन्ट्रियल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी दिले. खर्च पुष्कळ आहे, मधुमेह आटोक्यात असावा लागतो, तंबाखू सोडावी लागते. पण तीन कवळ्या करून तिन्ही डबीत ठेवणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

नवी कवळी तोंडात आली की पहिले दोनतीन दिवस लाळ सुटते, तोंड भरल्यासारखे होते, जीभ भांबावते. मेंदूला तो घासच वाटतो! हे आपोआप कमी होते. वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. आठ दिवसांत जीभ वळणावर येते. हिरडीला कुठे ना कुठे टोचतेच, आणि त्यासाठी पुन्हा जाणे हा कवळी करण्याचाच भाग आहे. जाण्यापूर्वी काही तास कवळी घालून ठेवावी, म्हणजे टोचण्याची जागा लाल दिसते आणि नेमकी तेवढीच घासता येते. कोणी घरीच कानस किंवा चाकू चालवतात. एकदा चुकीच्या जागी घासली की मिटलेली कड उघडी पडते आणि घट्ट कवळी कायमची सैल होते. चिकटविण्याचे मलम अडीअडचणीला ठीक. पण रोज ते जास्त जास्त लागू लागले तर कवळीला नवे अस्तर द्यावयाची वेळ आली असे समजावे. जस्त असलेले मलम वर्षानुवर्षे अति वापरल्याने मज्जातंतूंना इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

निगा अगदी साधी आहे. जेवणानंतर कवळी काढून धुवावी. दिवसातून एकदा मऊ ब्रश आणि साध्या साबणाने आतून-बाहेरून घासावी. दातांची पेस्ट किंवा राखुंडी वापरू नये, त्याने बारीक ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत चहाचे डाग व बुरशी घर करतात. धुताना खाली पाण्याने अर्धे भरलेले घमेले किंवा घडी घातलेला पंचा ठेवावा, कारण बहुतेक कवळ्या तोंडात मोडत नाहीत, मोरीत पडून मोडतात. उकळत्या पाण्यात घालू नये, ती वाकडी होते. पाण्यात टाकावयाच्या गोळ्या मिळतात त्या चालतील, पण त्या पेल्यातच टाकावयाच्या, तोंडात कधीही नाही. आणि त्या टाकल्या म्हणून घासणे सुटत नाही. हिरड्या, टाळू, जीभ ही ओल्या मऊ फडक्याने रोज पुसून घ्यावी.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. ह्या एका सूचनेला सर्वांत जास्त विरोध होतो. चाळीस वर्षे संसार करूनही पत्नीला आपले बोळके तोंड दिसू नये असे वाटणारे गृहस्थ आहेत, आणि उलट बाजूने गृहिणीही आहेत. मला त्यांचा संकोच समजतो. पण चोवीस तास झाकलेल्या टाळूवर बुरशी वाढते. टाळू लालभडक होतो आणि दुखत मात्र नाही, म्हणून महिनोन्महिने कळत नाही. जपानमध्ये ८५ वर्षे व त्यावरील ५२४ वृद्धांची तीन वर्षे पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका इतरांच्या २.३ पट आढळला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत ही जबाबदारी घरच्यांची. अंगाखालची चादर रोज बदलली जाते आणि तोंडातली कवळी आठवडाभर कोणी काढलेली नसते, असे चांगल्या घरांतूनही दिसते.

आता थोडे गंभीर बोलतो. कवळी टोचून झालेली जखम, कवळी काढून ठेवली किंवा ती जागा घासून घेतली की आठपंधरा दिवसांत भरून येते. दोन आठवड्यांनंतरही जी भरत नाही, जिची कड कठीण लागते किंवा जिथे पांढरा वा लाल चट्टा उठला आहे, तिला कवळीची जखम म्हणून घरी बसू नये. आपल्याकडे दात गेले तरी तंबाखू जात नाही, मशेरी तर हिरड्यांनाच लावतात. आणि तोंडाचा कर्करोग आरंभी दुखत नाही. दात नाहीत म्हणून दंतवैद्याशी संबंध संपला असे समजणाऱ्यांना हा रोग उशिरा कळतो. वर्षातून एकदा तोंड दाखवावे. त्याच भेटीत कवळीही तपासली जाते. पाचसात वर्षांत तिला अस्तर तरी लागते किंवा ती नवी तरी करावी लागते.

एक-दोन दातांची, आकड्याने अडकवावयाची छोटी कवळी वापरणाऱ्यांना निराळी सूचना. तिचा आकडा मोडला किंवा ती सैल झाली तर ती त्याच दिवशी वापरावयाची बंद करावी. अशी कवळी झोपेत किंवा फेफऱ्याच्या झटक्यात गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकते, आणि ॲक्रिलिक क्ष-किरणांच्या चित्रात उमटत नाही. घशात अडकल्यासारखे वाटते आणि कवळी सापडत नाही, असे झाले तर डॉक्टरांना हे आधी सांगावे. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देताना प्रत्येक कवळी काढून, नाव लिहिलेल्या डबीत, घरच्यांच्या हाती द्यावी. कागदात गुंडाळलेली कवळी केरात जाते.

राहिला तो प्रश्न, जो हमखास विचारला जातो : भाकरी खाता येईल का? येते. पहिला आठवडा मऊ भात, खिचडी, पातळ पिठले. नंतर भाकरी कालवणात कुस्करून, आणि महिन्या-दीड महिन्याने लहान तुकडे मोडून. पुढच्या दातांनी तोडावयाचे नाही, त्याने वरची कवळी मागून सुटते. पण आपण भाकरी हातानेच मोडतो, काटे-चमच्यांनी खाणाऱ्यांपेक्षा आपली पद्धत कवळीला अधिक मानवणारी आहे. घास लहान घ्यावा आणि दोन भाग करून दोन्ही बाजूंनी एकदम चावावा, म्हणजे कवळी एका अंगावर कलत नाही. शेंगदाणे कुटून घ्यावे, पेरू बिया काढून चिरून खावा, तीळ आणि खसखस कवळीखाली शिरून टोचतात म्हणून जेवणानंतर लगेच धुवावी. चिक्की नको. उसाचे करवे सोडावे लागतात, रस प्यावा.